दाबाच्या मोज्यातला धागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हेरिकोज व्हेन्ससाठी, म्हणजे पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी, डॉक्टर दाबाचे मोजे लिहून देतात. दुकानात गेलं की समोर चार खोकी येतात. चारही खोक्यांवर 'क्लास २' ही दाबाची श्रेणी असते, किमती मात्र दुप्पट-तिप्पट वेगळ्या. मी बरीच वर्षं निटिंगमध्ये आहे आणि वैद्यकीय मोजे विणणाऱ्या यंत्रांवर काम केलं आहे, म्हणून ओळखीचे लोक खोक्याचा फोटो पाठवून विचारतात, "यातला कुठला घेऊ?" उत्तर बहुतेक वेळा खोक्याच्या आत, धाग्यात असतं. मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मागावरचं कापड आणि निटिंगचं कापड यात फरक काय? दाबाचे मोजे निटिंगचेच का असतात?

माझं बालपण इचलकरंजीत गेलं, त्यामुळे कापड म्हणजे मागावरचंच, असं मलाही लहानपणी वाटायचं. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या वरून-खालून सरळ जातो. असं कापड ओढलं तरी फारसं हलत नाही, कारण सरळ धाग्याला आणखी सरळ व्हायला जागाच नसते. निटिंगमध्ये धागा टाक्यांतून फिरतो. स्वेटर विणताना एका टाक्यातून दुसरा काढतात, अगदी तसा. टाका गोल असतो. ओढला की लांबट होतो, आडवा ओढला की रुंदावतो. घोटा, टाच, पोटरी अशा चढउताराच्या पायावर एकसंध बसायला हेच कापड हवं.

पण टाका फक्त ताणला जातो, जोर लावून परत येत नाही. जुन्या स्वेटरची बाही कोपरावर कशी फुगते ते आठवा. परत आणणारी ताकद धाग्यातूनच यावी लागते.

एका मोज्यात किती प्रकारचे धागे असतात?

कामाचे दोन. एक मोजा उलटा करा, उजेडाकडे धरा आणि दोन बोटांनी आडवा ताणा. टाक्यांच्या ओळींमधून एक धागा टाके न घालता नुसता आडवा, नागमोडी गेलेला दिसेल. टाक्यांनी त्याला फक्त आधार देऊन धरून ठेवलेलं असतं. हा इनले धागा. पायाभोवती आवळण्याचं बहुतेक काम हाच करतो. दुसरा धागा टाक्यांचा. त्याच्यावर मोज्याची जाडी, मऊपणा आणि उभा ताण ठरतो, म्हणजे मोजा घोट्यावरून वर चढवताना किती लांब होतो ते. त्वचेला नेमकं काय लागणार, हेही बरंचसं तोच ठरवतो.

साध्या फॅशनच्या लेगिंगमध्ये इनले नसतो, लायक्रा हा ताणाचा धागा टाक्यातच घातलेला असतो. लेगिंगही घट्ट बसते. पण घट्ट बसणं वेगळं आणि घोट्यावर ठरलेला दाब महिनोन्महिने देत राहणं वेगळं.

लायक्रा, स्पॅन्डेक्स, इलॅस्टेन हे तीन वेगळे धागे आहेत का?

नाही, धागा एकच. अमेरिकेत त्याला स्पॅन्डेक्स म्हणतात, युरोपात इलॅस्टेन. लायक्रा हे त्याचं सगळ्यात गाजलेलं व्यापारी नाव. १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. त्यात वजनाने किमान ८५ टक्के एका खास रचनेचं पॉलियुरेथेन असतं. त्याच्या रेणूसाखळीत काही भाग लवचीक असतात आणि काही कडक. ओढलं की लवचीक भाग उलगडतात. कडक भाग एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून सोडल्यावर धागा मूळ लांबीला येतो. नुसता धागा मूळ लांबीच्या पाच-सहा पट सहज जातो.

त्याआधी ताणाचे मोजे रबराच्या धाग्याचे असत. रबरात जोर भरपूर असतो, पण ते जाड असतं आणि घाम, तेल, ऊन यांनी लवकर चिरतं. रबर अजून वापरात आहे, विशेषतः काही पट्ट्यांत आणि नळीसारख्या बँडेजमध्ये.

ताणाच्या धाग्यावर दुसरा धागा गुंडाळतात तो कशासाठी?

कोणी या प्रश्नावर अडलं की मला बरं वाटतं, कारण मोज्याचा दर्जा बराचसा इथेच ठरतो.

उघडा इलॅस्टेन घेऊन दोन बोटांत ओढून बघा. तो ओढतच राहतो, कुठे थांबायचं हे त्याला माहीत नसतं. कातडीला चिकटतो, सुईवर घासला की तुटतो. म्हणून तो ताणलेल्या अवस्थेत ठेवून त्याच्याभोवती नायलॉनचा बारीक धागा गुंडाळतात. चांगल्या इनले धाग्यात गुंडाळी दुहेरी असते. आतली उजव्या पिळाची असेल तर बाहेरची डाव्या. दोन्ही पीळ एकमेकांना तोलतात, त्यामुळे धागा स्वतःभोवती वळत नाही. एकेरी गुंडाळीचा धागा कोनावरून, म्हणजे धाग्याच्या शंकूसारख्या रिळावरून, सोडला की लगेच गुंतून पिळे पडतात. तोच पीळ मोज्यात उतरला तर मोजा पायावर तिरपा फिरतो.

कव्हरचं दुसरं काम सीमा घालण्याचं. धागा सैल असताना गुंडाळी दाट, एकमेकींना खेटून असते. ओढत गेलं की फेरे लांब लांब होतात. एका ठिकाणी गुंडाळलेला नायलॉन जवळजवळ सरळ होतो आणि धागा एकदम थांबतो, हाताला तो क्षण स्पष्ट जाणवतो. मीटरमागे फेरे जास्त असतील तर हा थांबा उशिरा येतो, कमी असतील तर लवकर. म्हणजे मोजा किती ताणेल आणि कुठे अडेल, याचा निर्णय यंत्रावर येण्याआधीच गुंडाळणीवर झालेला असतो.

एकदा आमच्याकडे नव्या पुरवठादाराचा धागा आला होता. डेनियर तोच, रंग तोच, भाव कमी. पहिले मोजे दाब मोजण्याच्या यंत्रावर पास झाले. पण मालाच्या पुढच्या भागात घोट्याचा दाब एका मोज्यात एक, दुसऱ्यात दुसरा येऊ लागला. यंत्राच्या सेटिंगमध्ये दोन दिवस घालवले. शेवटी धाग्याचा तुकडा भिंगाखाली धरून एका सेंटीमीटरमधले फेरे मोजले, तर दर कोनाला आकडा वेगळा. तो सगळा माल बाजूला काढला. तेव्हापासून नवा कोन आला की आधी भिंग, मग यंत्र, हा माझा क्रम आहे.

धागा जितका जाड तितका दाब जास्त, हे खरं का?

अर्धं खरं. जाडी आपण डेनियरमध्ये मोजतो, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आतला इलॅस्टेन जाड असेल तर तेवढ्याच ताणाला तो जास्त जोर लावतो, हे बरोबर. पण पायाला जाणवणारा दाब फक्त जोरावर ठरत नाही, पायाच्या घेरावरही ठरतो. लाप्लासचा नियम सांगतो की ताण तोच असेल तर घेर जितका लहान तितका दाब जास्त.

हिशोब करून बघू. मोज्याच्या एक सेंटीमीटर रुंद पट्टीत ११० ग्रॅमचा ताण आहे असं धरा. २२ सेंटीमीटर घेराच्या घोट्यावर दाब साधारण २३ मिमी पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) येतो. तोच ताण ३६ सेंटीमीटरच्या पोटरीवर जेमतेम १४ देतो. आणि एखाद्या किडकिडीत आजींचा घोटा १८ सेंटीमीटरचा असेल तर तिथे २८. धागा तोच, कापड तेच, दाब तीन. म्हणून "माझ्या मैत्रिणीला जो मोजा बसला तोच मला द्या" असं म्हणू नये. माप सकाळी, सूज चढण्याआधी घ्यायचं आणि ते घोट्याच्या सगळ्यात बारीक भागाचंही घ्यायचं.

घेराप्रमाणे दाब उतरतो हे खरं असलं तरी मोजा बनवणारा सगळं निसर्गावर सोडत नाही. घोट्यावर सगळ्यात जास्त आणि वर जाताना ठरलेल्या प्रमाणात कमी, असा उतार यंत्रावर बांधावा लागतो. त्यासाठी इनले धागा दर ओळीला किती लांबीचा सोडायचा ते बदलत जातात. कमी सोडला की ओळ आवळते.

क्लास १, क्लास २ म्हणजे नेमका किती दाब?

कुठल्या देशाचं प्रमाण ते आधी बघा. जर्मन पद्धतीत क्लास १ म्हणजे घोट्यावर १८ ते २१ मिमी पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२, क्लास ३ म्हणजे ३४ ते ४६. ब्रिटिश पद्धतीत क्लास १ म्हणजे १४ ते १७, क्लास २ म्हणजे १८ ते २४ आणि क्लास ३ म्हणजे २५ ते ३५. म्हणजे ब्रिटिश क्लास ३ आणि जर्मन क्लास २ जवळपास सारखेच. खोक्यावर नुसतं 'क्लास २' असेल आणि मिमी पारा लिहिलेला नसेल, तर ते खोकं मी परत ठेवीन.

राउंड निट आणि फ्लॅट निटमध्ये काय फरक? फ्लॅट निट महाग का?

राउंड निट मोजा गोल सिलिंडरवर अखंड नळीसारखा विणला जातो, मागे शिवण नसते. सिलिंडरवरच्या सुया ठरलेल्या असतात, त्यामुळे घोट्याला जेवढे टाके तेवढेच मांडीला. आकार टाके लहान-मोठे करून आणि इनले कमी-जास्त ताणून मिळवावा लागतो. धागा बारीक, कापड पातळ, दिसायला सुबक. शिरांच्या दुखण्यात बहुतेकांना हाच पुरतो.

फ्लॅट निट सपाट यंत्रावर विणून मग शिवतात. इथे ओळीगणिक सुया वाढवता-घटवता येतात, म्हणून पाय कितीही बेढब सुजलेला असला तरी त्याच्या मापाने विणता येतो. इनले धागा जाड वापरतात आणि कमी ताणून घालतात. त्यामुळे कापड खरखरीत, भरदार आणि ताठ होतं. लिम्फची सूज, म्हणजे शरीरातला लसीका द्रव साठून येणारी सूज, असलेल्यांना हा ताठपणाच उपयोगी पडतो. मऊ, फार ताणणारं कापड सुजेबरोबर स्वतःही पसरतं आणि कातडीच्या घडीत शिरून दोरीसारखं काचतं. ताठ कापड घडीवरून सरळ जातं आणि सुजेला जागा देत नाही.

हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागात हत्तीरोग आहे, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजलेल्या बायका तर प्रत्येक शहरात आहेत. त्यांना स्वस्त पडते म्हणून पातळ राउंड निट बाही दिली जाते, ती मनगटाशी काचते आणि पंजा जास्तच सुजतो. मग त्या बाही काढून ठेवतात आणि घरचे म्हणतात, "हिलाच चिकाटी नाही." चिकाटी असते हो, धागा चुकीचा असतो.

सुती दाबाचे मोजे मिळत नाहीत का? विदर्भातल्या मे महिन्यात नायलॉन कसा घालायचा?

पूर्ण सुती मिळणार नाहीत. सुताला परत यायची ताकद नाही, म्हणून आत इलॅस्टेन लागतोच. पण टाक्यांचा धागा किंवा कव्हर सुती असू शकतं आणि असे मोजे बाजारात आहेत. 'कॉटन' लिहिलेल्या मोज्यात सूत किती टक्के आहे ते मागच्या पट्टीवर वाचा.

सूत हवेतली ओल वजनाच्या साधारण ८ टक्के धरतं, नायलॉन ४ टक्के, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सूत घाम पितं म्हणून अंगाला बरं वाटतं, पण प्यालेला घाम लवकर सोडत नाही. ओला सुती मोजा दिवसभर पायावर राहिला की बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, खाज सुटते. बारीक तंतूंचा, क्रिंप दिलेला (कुरळा केलेला) नायलॉन स्वतः कमी पितो, पण घाम तंतूंच्या फटींतून पसरवून वाळवतो. दिवसभर कोरड्या उन्हात फिरणाऱ्याला सुताचं मिश्रण सोसतं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात मी चांगला नायलॉन आणि उघड्या बोटांचा मोजा सुचवेन.

क्रेप बँडेज हे निटिंगच का? ते लवकर सैल का पडतं?

साधं सुती क्रेप बँडेज मागावरचं असतं. त्याचा ताण येतो पिळातून. सुताला इतका पीळ देतात की धागा स्वतःभोवती आक्रसतो आणि कापडाला बारीक सुरकुत्या पडतात. गुंडाळल्यावर सुरकुत्या हळूहळू सरळ होतात आणि दाब उतरतो. धुतलं की पीळ पुन्हा आक्रसतो, म्हणून क्रेप धुऊन वापरावं.

इथे एक गैरसमज आहे की जास्त ताणणारी पट्टी चांगली. शिरांच्या दुखण्याने जखम झालेल्या पायाला अनेकदा कमी ताणाची, म्हणजे दुपटीपेक्षा कमी लांब होणारी सुती पट्टी बांधतात. चालताना पोटरी फुगते, पट्टी दाद देत नाही आणि शिरांतलं रक्त वर ढकललं जातं. झोपल्यावर तीच पट्टी फारशी आवळत नाही. इलॅस्टेनची लांब ताणाची पट्टी उलट वागते. ती चालताना पोटरीबरोबर सैलावते आणि झोपेतही आवळत राहते, म्हणून ती बहुधा रात्री सोडायला सांगतात.

मोजे काही महिन्यांत सैल का पडतात? धुण्याने होतं का?

न धुण्याने जास्त होतं. ताणून धरलेला धागा तासागणिक थोडा थोडा जोर सोडतो. रात्री काढून धुतला की पाण्यात तो बराच सावरतो. कातडीचं तेल, घामाचं मीठ धाग्यात बसून राहिलं तर मात्र तो कुजत जातो.

माझ्या आप्पांनी चाळीस वर्षं माग चालवले. बारा तास उभं राहून पायाच्या शिरा वर आल्या होत्या. त्यांना मी निवडून मोजे दिले आणि तीन महिन्यांत ते पोटरीवरून घसरू लागले. घरी गेल्यावर पाहिलं, तर आई ते बनियनबरोबर पांढऱ्या ब्लीचमध्ये भिजवून गच्चीवर कडक उन्हात वाळत घालत होती. मोजा ताणून कानाशी धरला तर आतून बारीक कडकड ऐकू आली, इलॅस्टेन तुटत होता. मी आईला हे आधी सांगायला हवं होतं.

कोमट पाणी, साधा साबण, ब्लीच नाही, कपडे मऊ करणारं द्रव्य नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळवा. दुखणाऱ्या पायाला बाम किंवा तेल लावायचं असेल तर मोजे काढल्यावर, रात्री. दोन जोड आलटून पालटून वापरले तरी साधारण सहा महिन्यांनी नवे घ्यावे लागतात, दिसायला ते चांगले असले तरीही.

रबराची ॲलर्जी असेल तर?

नैसर्गिक रबर नसलेला मोजा घ्या. इलॅस्टेनमध्ये रबराची प्रथिनं नसतात. मांडीवरच्या पट्ट्याला आतून सिलिकॉनचे ठिपके असतात, काहींना त्यांच्या खाली पुरळ येतं. तसं झालं तर गुडघ्यापर्यंतचा किंवा कमरेपर्यंतचा मोजा बघा. अमेरिकेत १९९८ पासून वैद्यकीय वस्तूवर नैसर्गिक रबर असल्याचं लिहावं लागतं, त्यामुळे आयात मालावर ती ओळ शोधता येते.

भाजल्यानंतर घालायचे दाबाचे कपडेही याच धाग्याचे असतात का?

धागे तेच, नायलॉन आणि इलॅस्टेन, पण विणण वेगळी. हे कापड बहुधा वार्प निट असतं. त्यात टाके उभ्या दिशेने शेजारच्या ओळींत गुंफत जातात, त्यामुळे कापलं तरी उसवत नाही. म्हणूनच ते रुग्णाच्या मापाने बेतून शिवता येतं. मापापेक्षा ते थोडं लहान बेततात, तेवढ्यानेच दाब येतो. कापड यंत्रावरून उतरल्यावर त्याला उष्णता देऊन स्थिर करतात. उष्णता जास्त झाली तर इलॅस्टेनची ताकद तिथेच जाते आणि वरून काहीच कळत नाही.

हे कपडे दिवसाचे २३ तास, वर्षभर किंवा त्याहून जास्त घालायचे असतात. त्यामुळे शिवणी बाहेरच्या बाजूला आहेत का आणि आतला स्पर्श मऊ आहे का, हे दाबाच्या आकड्याइतकंच बघा. छातीच्या मध्यासारख्या खोलगट जागी गोलाईच नसते, तिथे कापड कितीही ताणलं तरी दाब पडत नाही. तिथे आतून पॅड ठेवावा लागतो.

दाबाचे मोजे कोणी घालू नयेत?

ज्यांच्या पायाच्या धमन्यांतूनच रक्त कमी येतं त्यांनी. घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाच्या निम्म्याहून कमी असेल तर दाबाचे मोजे धोक्याचे. मधुमेहाने पाय बधिर झाला असेल तर काचलेलं कळतच नाही. ही तपासणी डॉक्टरांकडून करून घेतल्याशिवाय मोजे घेऊ नका, माझ्यासारख्या मोजे विणणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून तर मुळीच नाही.

वयस्क माणसाला हे मोजे चढवताच येत नाहीत. काय करावं?

धाग्याकडे बघा. गुळगुळीत नायलॉनच्या कव्हरचा मोजा कातडीवरून सरकतो, सुती कव्हरचा अडतो. हातात जोर नसलेल्यांनी पहिल्याचाच विचार करावा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून चढवा, नखं लागत नाहीत आणि पकड येते. आधी हात आत घालून टाच धरा, मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत सरकवा, टाच जागेवर बसली की मग थोडा थोडा वर घ्या. वरच्या काठाला धरून ओढू नका.

तरी जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून हलक्या दाबाचे दोन मोजे एकावर एक घालता येतात, दोन्हींचा दाब साधारण बेरजेने येतो. आप्पा आता असंच करतात. एक सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आई चढवते, दुसरा चहा झाल्यावर ते स्वतः.